ऑलिव्हची उजवी बाजू

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की हॉलमधल्या तिन्ही फोटोंत ते छोटं झाड एकाच बाजूने का काढलं आहे. तुमच्या आईने मधेच सांगून टाकलं, "आजीला तीच बाजू आवडते." हे घडलं त्या वर्षी तिला बारावीची परीक्षा होती, तिच्या कानावर फारसं काही गेलं नव्हतं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते सांगण्यात मला काही भूषण नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. आई सवडीने वाचून दाखवील.

आम्ही शारजात एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर राहत होतो. मागे फरसबंद अंगण, त्यावर मी हिरवी जाळी बांधून घेतली होती. मी सकाळी एका शाळेची लायब्ररी सांभाळायची आणि दुपारी घरी. तुमच्या आजोबांचा खडीचा धंदा होता. रास अल खैमाच्या डोंगरात दगड फोडायचा क्रशर आणि शारजा औद्योगिक क्षेत्रात माल ठेवायचं यार्ड. क्रशर चालवणारे फोरमन रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. मी त्यांना भाई म्हणायची आणि ते मला वैनी. त्यांच्या वडिलांचा आणि आजोबांचा हापूसची कलमं बांधण्यात हातखंडा होता. ते स्वतः मात्र वीस-बावीस वर्षं दगड फोडत होते. गुरुवारी रात्री सोनापूरच्या कामगार कॅम्पात चुलतभावाच्या खोलीवर झोपायला यायचे आणि शुक्रवारी नमाज झाली की कंपनीच्या पिकअपने आमच्याकडे, आठवड्याचा हिशेब आजोबांना सांगायला.

एका हिवाळ्यात त्या पिकअपच्या मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक खोड होतं. मांडीएवढं जाड, गुडघ्याएवढं उंच, पान एकही नाही. डोंगरात वरच्या खाणीकडे रस्ता कापताना ते मधे आलं होतं. ही रानऑलिव्हची झाडं तिथे कातळाच्या फटीत उगवतात, बकऱ्या खाऊन खाऊन ती खुजीच राहतात. खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, न्या, बकऱ्यांनी तसंही काही ठेवलेलं नाही.

"जैतून हाय, वैनी," भाई म्हणाले. "कुराणात ह्याचं नाव हाय. बुलडोझरखाली कसं घालू?"

माझ्याकडे बोन्सायचं एक इंग्रजी पुस्तक होतं, शाळेने काढून टाकलेल्या पुस्तकांतून आणलेलं. त्यात रानातून आणलेल्या खोडांवर एक अख्खं प्रकरण होतं. भाईंकडे पुस्तक नव्हतं, हात होते. आमचं त्या खोडावरून जमलं ते असं. पुस्तक म्हणत होतं, माती नको, बारीक खडी हवी. भाईंनी क्रशरवरची सर्वांत बारीक खडी आणली आणि माझ्या अंगणात बसून ती चार-चार पाण्यांनी धुतली. पाणी राखाडी यायचं. एवढी का धुता, मी विचारलं, तर म्हणाले, ही भुकटी राहिली तर मुळं गुदमरतात. हे सांगताना ते खोकले. त्या वेळी मला त्या दोन गोष्टी जोडाव्याशा वाटल्या नाहीत.

तीन वर्षं ते झाड वाढलं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की हात घालवत नसे. मी रात्रीच बादल्या भरून ठेवायची आणि पहाटे ते निवलेलं पाणी घालायची. एसीचं ठिबकणारं पाणीसुद्धा साठवायची. जळालेल्या विजेच्या मोटारींतली तांब्याची तार भाई यार्डातून आणत आणि त्या तारेने फांद्या वळवत. डावीकडे दोन छान फांद्या आल्या, डोक्यावर शेंडा धरला, मधे पांढरं वाळलेलं लाकूड हाडासारखं दिसायला लागलं. फक्त उजवी बाजू उघडी राहिली. तिथे बुलडोझरचं पातं घासून गेलं होतं. साल परत भरून आली, पण डोळा एकही फुटला नाही. तुमची आई येता-जाता म्हणायची, "ममा, इट लुक्स लाइक अ मॅन विथ वन आर्म." मी तिला मराठीत रागवायची आणि ती इंग्रजीत हसायची.

भाईंनी त्यावर जो उपाय केला तो माझ्या पुस्तकातही होता, पण त्यांनी तो पुस्तकातून घेतला नव्हता. त्यांनी बुंध्याशी आलेली एक लांब काडी तोडली नाही, दोन वर्षं वाढू दिली. मग फेब्रुवारीत खोडाच्या उजव्या बाजूला चाकूने एक खाच पाडली, काडीची साल एका जागी सोलली, ती वाकवून खाचेत बसवली आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधली. काडीचं मूळ बुंध्याशीच, ती वर येऊन खोडाला चिकटलेली आणि पलीकडे पानांचा झुपका. हापूसची भेट कलमं अशीच बांधतात, ते म्हणाले. दोघांना एकमेकांना धरू द्यायचं, आपण मधे पडायचं नाही.

"कळणार कसं, धरलंय की नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात घेऊन दोन बोटं काडीवर ठेवली, आधी खोडात शिरते तिथे, मग बाहेर पडते तिथे. "आता दोनी बाजू सारख्या हायत. बाहेरची जाड लागली की समजायचं, खोडाचं प्यायला लागली. मंगच कापायचं. ते पण आधी अर्धं, पंधरा दिवसांनी पुरं."

माझ्या पुस्तकात लिहिलं होतं: वसंतापूर्वी बांधावे, वाढीचा एक पूर्ण हंगाम जाऊ द्यावा, शरदात कापावे. लायब्ररीत मी प्रत्येक पुस्तकाला चिठ्ठी लावायची तशी अंगणात प्रत्येक कुंडीला लावलेली असायची. ह्या कुंडीला लावली: बांधणी फेब्रुवारी, काप सप्टेंबर.

आता ह्यात भाईंचं काय अडलं होतं ते सांगते. त्याच वर्षी डॉक्टरने त्यांच्या छातीचा फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं की धुळीतून बाहेर पडा, नाहीतर थोडीच वर्षं आहेत. घरी परत जाणं शक्य नव्हतं. धाकटी मुलगी नर्सिंगला होती, तिची आणखी चार वर्षं बाकी होती आणि घरात कमावणारे ते एकटेच. त्यांना इथेच, पण धुळीबाहेरचं काम हवं होतं. तसं काम त्यांच्या वयाच्या माणसाला कोण देणार?

ते चालून आलं. आमच्या घरी मराठी मंडळाच्या जेवणाला अबुधाबीहून एक गृहस्थ आले होते, माणूस आपला नागपूरचा, तिथल्या एका मोठ्या बंगल्याचे मॅनेजर. हात धुवायला अंगणात गेले आणि झाडापाशीच उभे राहिले. त्यांच्या मालकांना परदेशात बोन्साय पाहून वेड लागलं होतं. आपल्याच डोंगरातल्या झाडांची बाग हवी होती, जाळीची शेड तयार होती, माणूस मिळत नव्हता. मी भाईंबद्दल सांगितलं. मॅनेजर म्हणाले, मालक कागद बघत नाहीत, काम बघतात. ह्या माणसाच्या हातचं एक झाड पुरं झालेलं दाखवा, बाकी माझ्याकडे लागलं. डिसेंबरात दाखवायचं ठरलं.

भाईंना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. चहाचा कप खाली ठेवून अंगणात गेले आणि बराच वेळ झाडाला काहीही न करता तिथेच बसून राहिले. आजोबा म्हणाले, "माझा फोरमन पळवतेस." पण त्यांनाही बरंच वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये भाई दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेले. जाताना म्हणाले, "वैनी, पाणी तेवढं घाला. त्या भेट कलमाला मी येईपर्यंत हात लावू नका."

सप्टेंबर संपत आला आणि मॅनेजरचा फोन आला. मालक ऑक्टोबरात परदेशी जाणार, वसंतापर्यंत येणार नाहीत. दाखवायचं तर ह्या शुक्रवारी, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे खलास, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मी अंगणात जाऊन झाड पाहिलं. फांदी आपल्या जागी होती, पानं हिरवीगार. पण बुंध्यापासून वर चढलेली ती काडी दवाखान्यातल्या सलाइनच्या नळीसारखी दिसत होती. पुरं झालेलं झाड असं नसतं. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, काप सप्टेंबर. पुस्तक काढून पुन्हा वाचलं. फेब्रुवारी ते सप्टेंबर, वाढीचा एक पूर्ण हंगाम. कुठे शंकेला जागा नव्हती.

भाईंच्या वाडीत शेजाऱ्याकडे फोन होता आणि नंबर माझ्या वहीत होता. मी फोन केला नाही. उशीर झाला म्हणून नाही, लाइन मिळाली नाही म्हणूनही नाही. ते काय म्हणतील ते मला माहीत होतं, म्हणून नाही केला.

मी कात्री उकळून घेतली, काडी खोडात शिरते तिथे एका कापात तोडली, बुंध्याशीही तोडली, पट्टी सोडली आणि दोन्ही जखमांना मेण लावलं. पुस्तकात होतं तसंच, क्रमाने. बोटं ठेवून मात्र पाहिलं नाही. आज इतक्या वर्षांनी ह्याचं मलाच नवल वाटतं. दोन बोटं ठेवायला किती वेळ लागतो?

पुस्तक लिहिणाऱ्याचा उन्हाळा वेगळा होता, हे मला नंतर समजलं. त्याच्याकडे झाडं उन्हाळ्यात वाढतात. आपल्याकडे मेपासून सप्टेंबरपर्यंत ते ऑलिव्ह नुसतं तग धरून उभं असायचं, पान हलवायचं नाही. माझ्या चिठ्ठीवर सात महिने होते. झाडाचे त्यातले जेमतेम तीन झाले होते. मी त्या अंगणात रोज पहाटे पाणी घालत होते, तीन उन्हाळे पाहिले होते, तरी महिने पुस्तकातलेच मोजले.

शुक्रवारी आम्ही झाड मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून अबुधाबीला नेलं. मालक म्हातारे होते, मृदू बोलायचे. त्यांनी कुंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि नेमकं उजव्या फांदीखाली बोट धरून मॅनेजरना काहीतरी म्हणाले. मॅनेजरनी हिंदीत सांगितलं, ही फांदी सर्वांत सुंदर आहे म्हणतात. माणूस आला की पाठवून द्या, झाडही त्याच्याबरोबरच येऊ दे. परतीच्या वाटेवर आजोबा गात होते.

त्या रात्री मात्र मी भाईंना फोन केला. शेजाऱ्याने त्यांना हाक मारून बोलावलं, मागे बायकामुलांचे आवाज येत होते. बातमी ऐकून त्यांनी विचारलं, "भेट बांधलेलीच दाखवली ना?"

मी म्हणाले, "झाड फार छान दिसत होतं, भाई."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ऑलिव्हचं पान चामड्यासारखं असतं. फांदी मेली तरी ते पंधरा-वीस दिवस हिरवंच राहतं, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्यांदा पानांची चमक गेली. मग कडा आत वळल्या. मी फांदीवर ओलं फडकं गुंडाळलं, प्लॅस्टिकची पिशवी बांधली, सावलीत ठेवलं, दिवसातून चारदा पाणी फवारलं. पुस्तकातलं होतं नव्हतं ते सगळं केलं. आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, इन्शाल्ला धरेल. तेही घाबरले होते, एरवी ते असं बोलत नसत.

भाई विमानतळावरून थेट आमच्याकडे आले. बागेत घालायला म्हणून शिवून घेतलेले दोन नवे सदरे त्यांनी दाखवले. वडिलांचा कलमाचा चाकू आणला होता, मूठ नवीन बसवलेली. मालकांसाठी आंब्याच्या लोणच्याची बरणी. मग ते अंगणात गेले. मी मागोमाग गेले.

त्यांनी पिशवी सोडली, फडकं काढलं. फांदीकडे पाहिलंच नाही, कापाकडे पाहिलं. मग दोन बोटं त्या जागी ठेवली, जिथे शिरत होती तिथे काहीच नव्हतं, म्हणून फक्त बाहेरच्या बाजूला. बराच वेळ तशीच ठेवली, डॉक्टर नाडी बघतात तशी.

"मी कापली," मी म्हणाले. "शुक्रवारीच दाखवा म्हणाले. पुस्तकात सप्टेंबर होता."

"बरं," ते म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "वैनी, फोन करायचा."

एवढंच. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मेलेली फांदी नखाने खरवडून पाहिली, खालचं लाकूड तपकिरी झालेलं होतं. मग चाकू परत फडक्यात गुंडाळून ठेवला.

मॅनेजर झाड न्यायला आले आणि त्यांनी मेलेली फांदी पाहिली. मी त्यांना सगळं सांगितलं, चूक माझी आहे, ह्या माणसाची नाही, तो तर इथे नव्हताच. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, तुम्ही खरं सांगताय. पण मालकांनी त्याच फांदीखाली बोट धरलं होतं. आता तेच म्हणतील, मेलेली फांदी चिकटवून दाखवली. मी त्यांना सप्टेंबर आणि पुस्तक काय समजावू?" आठ दिवसांनी निरोप आला की बागेसाठी दुसरीकडून माणूस बघतायत. ज्याच्या कामावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं अशा माणसाच्या आयुष्यात तेवढी एक फसवणूक लिहिली गेली, आणि ती माझ्या हातची होती.

मी आजोबांच्या मागे लागले. त्यांनी भाईंना शारजाच्या यार्डात बसवलं, खुर्ची-टेबल दिलं. पण क्रशर दुसऱ्या कुणाला नीट चालवता येईना. पट्टा तुटला, दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. तीन आठवड्यांनी आजोबा रात्री जेवताना म्हणाले, तात्पुरतं पाठवतो त्यांना वर क्रशरवर, दुसरा माणूस तयार झाला की लगेच खाली आणतो. मी काही बोलले नाही. त्या क्रशरवर आपलं घर चालत होतं, तुमच्या आईची कॉलेजची फी भरायची होती. तुम्हाला वाटेल आजीने भांडायला हवं होतं. हवं होतं.

ते तात्पुरतं चार वर्षं चाललं.

भाई शुक्रवारी येत राहिले. झाडाच्या डाव्या बाजूची छाटणी करायचे, तार बदलायचे. उजवीकडे नवीन भेट बांधा, मी दरवर्षी म्हणायची. बुंध्याशी काड्या येत होत्या, त्यातली एक मी राखूनही ठेवली होती. ते म्हणायचे, बघू, ह्या वर्षी हाताला जोर नाय. खडी धुवायला आता बसवत नसे, खोकला सुरू झाला की बादली धरून उभे राहायचे. खडी मीच धुवायला लागले. फोटो सगळे त्या काळातले आहेत. कॅमेरा मीच धरायची, नेहमी डावीकडून.

मुलगी नर्स झाली त्या वर्षी भाई कायमचे गावी गेले. विमानतळावर सामान उचलायलासुद्धा माणूस लागला. नवे सदरे त्यांनी कधी घातले नव्हते, ते चुलतभावाला देऊन गेले. वर्षभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. अब्बांना बोलायचंय, म्हणाली, पण फार नको, दम लागतो.

मी फोनची वायर ओढून दारापर्यंत आले, झाड समोर दिसत होतं. त्यांचा आवाज चटकन ओळखू आला नाही. तब्येतीचं मी विचारलं. त्यांनी झाडाचं विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. आणि मग, का ते मला नक्की सांगता येणार नाही, मी म्हणाले, "उजवीकडे भेट बांधली, भाई. मीच बांधली. फेब्रुवारीत."

पलीकडे त्यांना दम लागलेला ऐकू येत होता.

"बाहेरची बाजू जाड लागते?" त्यांनी विचारलं.

झाडाची उजवी बाजू समोर होती. तिथे जुन्या खाचेचा काळा डाग होता आणि त्याच्या शेजारी माझ्या मेणाचा सुकलेला ठिपका. बाकी काही नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "जाड लागते."

"मंग कापा आता," ते म्हणाले.